हवेतलं गायरान

लातूरच्या ट्युशन एरियात रात्री नऊ-साडेनऊला, शेवटची बॅच सुटून मेसची जेवणं उरकली की फोनमधली वायफायची यादी उघडून बघावी. बोटाने वर सरकवत राहा, नावं संपत नाहीत. होस्टेलच्या प्रत्येक मजल्याचा एक राउटर, खाली मेसवाल्याचा एक, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा एक, शेजारच्या क्लासचे दोन-तीन, आणि वर पोरांनी एकमेकांसाठी चालू केलेले मोबाइल हॉटस्पॉट. नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागात चित्र फारसं वेगळं नाही. नीट-जेईईच्या तयारीसाठी दोन-दोन वर्षं राहायला आलेली लेकरं दिवसभर वर्गात असतात आणि रात्री सगळी एकाच वेळी टेस्ट सिरीज, रेकॉर्ड केलेली लेक्चरं आणि (खरं सांगायचं तर) रील बघत असतात. तक्रारही ठरलेली असते : "काका, नेट चालंना." काका केबलवाल्याला फोन करतात, केबलवाला मोठा प्लॅन घ्यायला सांगतो, प्लॅन वाढतो, आणि साडेनऊला नेट पुन्हा अडतं.

पैसा चुकीच्या जागी गेलेला असतो. फायबरमधून इमारतीपर्यंत येणारं इंटरनेट बहुतेक वेळा ठीक असतं. घोडं पेंड खातं ते शेवटच्या तीस फुटांत, राउटरपासून फोनपर्यंतच्या हवेत. त्या हवेचे नियम वेगळे आहेत आणि ते प्लॅनच्या जाहिरातीत लिहिलेले नसतात.

आपल्याकडे बिनतारी यंत्र वापरायचं तर परवाना हवा, हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व. एके काळी घरातल्या रेडिओचंसुद्धा लायसन काढावं लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं नूतनीकरण करावं लागे. राउटर हा तर नुसता ऐकणारा नव्हे, बोलणाराही रेडिओ आहे. तरी त्याला परवाना लागत नाही, कारण सरकारने काही पट्टे परवान्यातून मोकळे केले आहेत. अमेरिकेने हे १९८५ मध्ये केलं. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कारखान्यांतली तापवायची यंत्रं ज्या पट्ट्यांत गोंगाट करतात, ते पट्टे संदेशवहनाला निकामी समजले जात. तेच तिथे कमी ताकदीच्या यंत्रांना खुले झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, जानेवारी २००५ मध्ये मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झमधली मोठी मोकळीक ऑक्टोबर २०१८ मध्ये आली : ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५, मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. या दोन आकड्यांची तुलना करून ठेवा. एका बाजूला साडेत्र्याऐंशी, दुसऱ्या बाजूला सहाशे पाच. रात्री साडेनऊच्या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मोकळा पट्टा म्हणजे गावचं गायरान. कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही जनावर सोडावं, आणि शेजाऱ्याच्या गुरांनी चारा संपवला म्हणून तक्रार घेऊन कुठे जायचं नाही. परवानामुक्त पट्ट्याचा नियमही हाच आहे : दुसऱ्याला त्रास देऊ नका, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागू नका. २.४ चं गायरान लहान आहे आणि तिथे ब्लूटूथ, बिनतारी माउस, सीसीटीव्ही कॅमेरे, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि अख्ख्या गल्लीचे राउटर चरतात.

या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल आहेत. तेरा ऐकून दिलासा वाटतो, पण तो फसवा आहे. दोन चॅनेलमधलं अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि राउटरला बोलायला लागणारी जागा २० मेगाहर्ट्झ. म्हणजे चॅनेल ३ वरचा राउटर १ च्याही अंगावर जातो आणि ६ च्याही. एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. काही लोक हुशारी म्हणून मुद्दाम ४ किंवा ९ निवडतात, "इथे कुणीच नाही" म्हणून. ही हुशारी अंगाशी येते. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं समजतात आणि थांबून पाळीपाळीने बोलतात; वायफायची सगळी रचनाच "आधी ऐका, हवा शांत असेल तर बोला" या शिस्तीवर उभी आहे. अर्धवट अंगावर येणारा राउटर मात्र दुसऱ्याला नुसती खरखर म्हणून ऐकू येतो, आणि मग पाठवलेलं पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. गर्दीतही १, ६, ११ यांपैकीच एक घ्यावा. १२ आणि १३ आपल्याकडे चालतात, पण अमेरिकेतल्या भावाने आणलेल्या लॅपटॉपला ते बहुधा दिसतच नाहीत, आणि मग अख्खं घर त्या लॅपटॉपला दोष देतं.

राउटरमध्ये चॅनेलपुढे 'ऑटो' लिहिलेलं असतं, मग आपण कशाला लक्ष घालायचं? मराठवाड्यात घालायला हवं, आणि त्याचं कारण लाईट आहे. बरेच साधे राउटर चॅनेल निवडतात ते फक्त सुरू होताना. आसपास ऐकतात, मोकळं दिसेल तिथे बसतात, आणि पुढे दिवसेंदिवस जागा सोडत नाहीत. आता फिडर बंद होतो आणि तासाभराने लाईट येते तेव्हा काय होतं ते बघा. गल्लीतले सगळे राउटर एकाच मिनिटाला जागे होतात. प्रत्येकजण ऐकतो तेव्हा बाकीचे अजून बोलायला लागलेलेच नसतात. सगळ्यांना सगळं मोकळं दिसतं आणि बरेचजण एकाच चॅनेलवर जाऊन बसतात. म्हणून दोन गोष्टी कराव्या. एक, आसपास कोण कुठे आहे ते अँड्रॉइड फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बघून चॅनेल हाताने पक्का करावा. दोन, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. लाईट गेली तरी नेट राहतं हा फायदा सगळ्यांना माहीत आहे. राउटर सारखा बंद-चालू होत नाही हा दुसरा फायदा कुणी मोजत नाही.

२.४ च्या पानावर आणखी एक सेटिंग असतं, चॅनेलची रुंदी. २० आणि ४० असे पर्याय दिसतात आणि माणूस साहजिकच ४० घेतो. एकट्या शेतातल्या घरात घ्यावा. गल्लीत ४० म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन जागा अडवणं, आणि दोन जागांची गर्दी स्वतःवर ओढवून घेणं. तिथे २० च ठेवावा. २० वर एका अँटेनाच्या जुन्या फोनला कागदावर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसचा दुवा मिळतो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग हाती येतो. १०० चा प्लॅन घेऊन २.४ वर स्पीड टेस्ट करणारा आणि केबलवाल्याशी भांडणारा गृहस्थ या हिशेबामुळे विनाकारण तापलेला असतो.

होस्टेलचं दुखणं आणखी एका गोष्टीने वाढतं. हवा एक आणि बोलणारे पाळीपाळीने, म्हणजे खरी वाटणी वेळेची होते. कोपऱ्यातल्या खोलीत रेंजच्या काठावर असलेला फोन सावकाश, तुटक बोलतो. जेवढा मजकूर जवळचा फोन क्षणात उरकतो, त्याला तो कित्येक पट वेळ घेतो. तेवढा वेळ बाकी सगळे थांबलेले. म्हणून एक भारी राउटर जिन्यात टांगून चार मजले भागवायचा बेत फसतो. रिपीटरनेही फसतो, कारण साधा रिपीटर ऐकलेलं तेच बोलणं त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवा दुप्पट अडते. उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे : वायर. प्रत्येक मजल्यापर्यंत लॅन केबल न्यायची (एका तुकड्याला १०० मीटरपर्यंत चालते), प्रत्येक मजल्यावर छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट, २.४ वर मजल्यागणिक १, ६, ११ असे आळीपाळीने, आणि ताकद 'हाय' ऐवजी मध्यम. ताकद कमी करा म्हटलं की होस्टेलचालक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण राउटर कितीही ओरडला तरी फोनला तेवढ्या जोरात उत्तर देता येत नाही, आणि आपला आवाज वरच्या मजल्यावर गेला की तिथल्यांनाही गप्प बसावं लागतं.

आता ५ गिगाहर्ट्झ. राउटरवर जे दुसरं नाव दिसतं, शेवटी ५जी लिहिलेलं, ते हेच; मोबाइल कंपन्यांच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. इथे जागा भरपूर, एकमेकांना न भिडणारे चॅनेल भरपूर, ओव्हन आणि ब्लूटूथचा त्रास नाही. मग सगळं ५ वरच का ठेवू नये? भिंतींमुळे. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहाच्या आत-बाहेर. मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर तशाच अँटेनाच्या हाती ५ वर चौथा-पाचवा हिस्साच ताकद लागते, आणि भिंतीत शिरल्यावर ती जास्त लवकर दमते. भिंत कशाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं, आणि या बाबतीत लातूर-नांदेडची घरं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसारखी नाहीत.

जुन्या वाड्यापासून सुरू करू. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा जाड थर टाकलेलं माळवद. उन्हाळ्यात याच्याइतकं थंड घर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड माळवदं आणि हेच मातीत रचलेले दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले, हजारोंचा जीव गेला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मराठवाड्याचं बांधकाम बदलून गेलं. सळई, सिमेंट आणि भिंतींतले काँक्रीटचे पट्टे यांवर लोकांचा भरवसा बसला. आजही एकाच गल्लीत तुम्हाला एखादा उरलेला वाडा, कॉलम-बीमचं दुमजली घर आणि पत्र्याच्या दोन खोल्या शेजारी शेजारी दिसतात. रेडिओ लहरींच्या दृष्टीने ही तीन वेगळी जगं आहेत.

वाड्यात ५ गिगाहर्ट्झ ढाळजेतून आतल्या खोलीत पोचेल ही आशाच सोडावी. २.४ सुद्धा एखादी भिंत कशीबशी पार करतं, तेही बरेचदा दारातून वळसा घेऊन. इथे वायर ओढून आत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवण्याला पर्याय नाही. स्लॅबच्या घरात विटांच्या एका भिंतीपलीकडे ५ बऱ्यापैकी मिळतं, दोन भिंतींनंतर डळमळतं, आणि स्लॅबमधून वर जाताना सळई-काँक्रीट मिळून त्याचा बराचसा जीव घेतात. राउटरच्या उभ्या दांड्या मुख्यतः आडव्या दिशेने रेंज पसरवतात, वर-खाली फार कमी, त्यामुळे वरच्या मजल्यावर भागवायचं असेल तर एक दांडी आडवी करून बघावी. फुकटचा प्रयोग आहे. पत्र्याच्या खोलीत पत्रा लहर परत फेकतो. आत राउटर असेल तर आत छान, अंगणात आलं की गायब. डासांसाठी लावलेलं तारेच्या जाळीचं दारही रेंजला जवळपास पत्र्यासारखंच वाटतं, कारण जाळीची भोकं लहरीच्या लांबीपुढे फारच बारीक असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या काचेत जाळी असते ती याच कामासाठी.

आणि मग पाणी. लातूर हे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर. लातूरकरांना पाणी साठवायची सवय कुणी शिकवायला नको : निळे ड्रम, न्हाणीघरातल्या टाक्या, जिन्याखालचा हौद, स्वयंपाकघरात ओळीने कळश्या. पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो कारण पाण्याचा रेणू नेमका त्याच सुरावर नाचतो, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. साध्या तापमानाला पाण्याचं शोषण सर्वांत जास्त होतं ते याच्या कितीतरी वर, वीस गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४५ वरही शोषण मात्र भरपूर होतं, दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातच बहुतेक ताकद संपते, आणि ५ वर त्याहून आधी. दोनशे लिटरचा ड्रम जवळपास दोन फूट रुंद असतो. त्याच्या आरपार काही जात नाही. पत्र्याचा कूलर तर दोन्ही गुन्हे एकदम करतो : बाहेरून लोखंड, आत पाणी. मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीसच्या घरात गेला की कूलर खिडकीत चढतो आणि बाहेरच्या खोलीतल्या राउटरची पलंगाकडची वाट नेमकी त्यातून जाते. "उन्हाळ्यात नेट स्लो होतं" या सार्वत्रिक तक्रारीत कूलरचा वाटा किती, हे कूलर सरकवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून सेटिंगच्या आधी जागा. केबलवाला राउटर लावतो ते त्याला सोयीच्या ठिकाणी, फायबर घरात शिरतं तिथे, बहुतेक वेळा दारावर नाहीतर टीव्हीच्या शोकेसमध्ये. त्यामुळे अर्धी रेंज रस्त्यावरच्या लोकांच्या सेवेला जाते. बसवतानाच त्याला दहा-पंधरा मीटर जादा केबल ओढायला सांगा, जास्तीचे पैसे द्या, आणि घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, लोखंडी कपाट, आरसा आणि देव्हाऱ्यामागचा कोनाडा टाळून राउटर टांगा. या एका कामाचा फरक कोणत्याही सेटिंगपेक्षा मोठा पडतो. ज्या अ‍ॅपमध्ये चॅनेल पाहिले, तिथेच रेंजचा आकडाही दिसतो, उणे चिन्हासकट. उणे ५० उत्तम, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ विनाखंड चालतो, उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू. घरभर फिरून प्रत्येक खोलीत दोन्ही पट्ट्यांचे आकडे बघा. दहा मिनिटांत घराचा नकाशा डोक्यात बसतो.

मग राउटरच्या पोटाखालच्या कागदावर लिहिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी, ब्राउझरमध्ये टाकून आत शिरा. पहिलं काम, आत शिरायचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' असेल तर बदलणं. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावं की वेगळं, यावर जाणकारांत वाद आहेत. एक नाव दिलं की कोणत्या पट्ट्यावर जायचं ते राउटर आणि फोन मिळून ठरवतात. नव्या यंत्रांत हे बरं जमतं. स्वस्त राउटर आणि जुने फोन असतील तर फोन २.४ ला चिकटून बसतो. माझं मत वेगळ्या नावांच्या बाजूचं आहे, निदान मिश्र वयाच्या यंत्रांच्या घरात. टीव्ही, लॅपटॉप आणि अभ्यासाचा फोन ५ वर. सीसीटीव्ही, स्मार्ट प्लग, आजोबांचा फोन आणि मागच्या अंगणातला सगळा कारभार २.४ वर. बरेचसे स्मार्ट प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ च ओळखतात, आणि जोडणी होत नाही त्यामागे हेच असतं.

५ वर रुंदी ८० ठेवायला घरात हरकत नाही; होस्टेलमध्ये ४०. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घ्यावा. मधल्या चॅनेलवर रडारला मान द्यावा लागतो : हवामानाचं किंवा इतर रडार ऐकू आल्यासारखं वाटलं की राउटर जागा सोडतो, नव्या जागी मिनिटभर कान देऊन बसतो, आणि तोवर ऑनलाइन पेपर अडकतो. गर्दी फारच असेल तर मात्र हीच मधली जागा रिकामी सापडते.

हे सगळं करूनही वेग शंभरच्या खाली अडकला तर राउटरची मागची बाजू बघा. स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. दीडशेचा, दोनशेचा प्लॅन त्यातून शंभरातच येतो. आठ तारांच्या केबलमधल्या चारच जोडल्या असतील तरी तेच होतं. लॅपटॉप वायरने जोडून मोजलं की दोष हवेचा की तारेचा, हे लगेच कळतं, आणि केबलवाल्याशी बोलताना हातात पुरावा असतो.

दुकानदार सध्या ६ गिगाहर्ट्झचे, तीन पट्ट्यांचे राउटर दाखवू लागले आहेत. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा नवा पट्टा कमी ताकदीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. जागा प्रचंड आहे, पण तिचा फायदा घ्यायला फोनही तसाच नवा लागतो, आणि भिंतीपुढे ६ ची गत ५ पेक्षा बरी नाही. एका खोलीत बसून काम करणाऱ्याला तो राजेशाही आहे. वाड्याला, दुमजली घराला किंवा चार मजली होस्टेलला नाही. तेव्हा आज नांदेडात किंवा लातुरात राउटर घ्यायला निघाला असाल तर गिगाबिट पोर्टचा, दोन पट्ट्यांचा वायफाय ६ (हा ६ पिढीचा, गिगाहर्ट्झचा नव्हे) राउटर घ्या, आणि उरलेल्या पैशांत चांगली लॅन केबल आणि यूपीएस.